लुटुपुटूच्या चहाबद्दल, पुन्हा एकदा

भातुकलीवर मागे चार ओळी लिहिल्या, तेव्हापासून तीच शंका वेगवेगळ्या अक्षरांत येते आहे: मुलांना खरं-खोटं कळत नाही का? म्हणून यावेळी काही प्रश्न एकदमच घेते.

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची आहे. रिकामी वाटी तोंडाला लावून मिटक्या मारते, मग बाहुलीला भरवते. वाटी रिकामी आहे हे तिला कळतं का?

उत्तर: कळतं. नसतं कळलं तर दूध कुठे गेलं म्हणून रडली असती. वर्ष-दीड वर्षाचं मूल आधी स्वतः खोटंखोटं पितं, मग बाहुलीला पाजतं. दोनच्या आसपास ठोकळ्याची गाडी आणि काठीचा घोडा होतो. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ या मानसशास्त्रज्ञांच्या १९९३ सालच्या प्रयोगांत खेळण्यातलं अस्वल दुसऱ्या प्राण्यावर नसलेला चहा ओतायचं. दोन-अडीच वर्षांची मुलं नेमका तोच प्राणी 'ओला' समजून पुसायची. प्राणी अर्थातच कोरडा ठणठणीत.

प्रश्न: नातू केळं कानाला लावून गावच्या काकांशी बोलतो. अशाने खोटं बोलायची सवय लागेल का?

उत्तर: नाही. त्याने केळं खाऊन टाकायच्या आत तुम्हीही दोन शब्द बोलून घ्या.

प्रश्न: मी बालवाडीत शिकवते. चार वर्षांच्या मुलांना 'बेडूक-बेडूक खेळणं म्हणजे काय' विचारलं, तर 'उड्या मारणं' एवढंच सांगतात. मनातली कल्पना त्यांना कळत नाही का?

उत्तर: छान टिपलंत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड यांनी मुलांना 'मो' नावाचा बाहुला दाखवला. मोला कांगारू माहीतच नाही, पण उड्या मात्र तशाच मारतो. तो कांगारू-कांगारू खेळतोय का? बहुतेक चार वर्षांची मुलं 'हो' म्हणाली. खेळता लवकर येतं. खेळायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं, हे उमगायला आणखी काही वर्षं जातात. वर्गात दुरुस्त करायला जाऊ नका.

प्रश्न: 'कल्पनाशक्ती वाढवणारा' लाकडी संच, साडेसात हजार रुपये, सोबत ऑनलाइन वर्ग. घ्यावा का?

उत्तर: नको. याच लिलार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं. अशा खेळामुळे बुद्धी वा सर्जनशीलता वाढते, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. मुलांनी खेळावं, खूप खेळावं. त्यासाठी जत्रेतली बोळकी आणि जुने डबे पुरतात.

प्रश्न: मुलगा २२ महिन्यांचा आहे. गाडी उलटी करून नुसती चाकं फिरवत बसतो. बाहुलीला भरवणं वगैरे काही नाही. शब्द दोन-तीन. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. शेजारच्या काकूंनी जिभेला वेखंड लावायला सांगितलंय. थांबू का?

उत्तर: थांबू नका. 'मुलगे उशिरा बोलतात' हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, आणि ऐकवणारे बहुधा साडेतीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन आलेले असतात. थोडा उशीर मुलग्यांत दिसतोही. पण नुसतंच उशिरा बोलणारं मूल बोट करून चिमणी दाखवतं, हाकेला वळतं, रिकाम्या कपातून तुम्हाला चहा पाजतं. बोलणंही नाही आणि लुटुपुटूही नाही, तर तपासणी आत्ताच. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता टिपणारी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी आहे. त्यात एक प्रश्न याच खेळाचा आहे. चाळणीत अडकलं म्हणजे ऑटिझमच, असं नव्हे, आणि एकट्या चाकांवरून काहीच ठरत नाही. म्हणूनच तज्ज्ञाने मूल समोर बघायला हवं. आधी श्रवणचाचणी करा. ताट वाजवून नव्हे, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. आणि हो, मोबाइल बंद करा, पण 'मोबाइल बंद करून सहा महिने बघू' हेही नको. बंद आजच, अपॉइंटमेंटही आजच. थेरपी सुरू करायला निदानाचा शिक्का लागत नाही. वेखंड काकूंना परत द्या.

प्रश्न: पाच वर्षांची मुलगी रोज 'चिंगू'साठी ताट मांडायला लावते. चिंगू कोणालाच दिसत नाही. आमच्याकडे बाधेची चर्चा सुरू झालीय.

उत्तर: बाधा नाही. अंगारे-धुपारे नकोत. 'चिंगू खरी आहे का गं?' असं विचारून बघा. बहुतेक मुलं 'खोटीखोटी आहे' असं आपल्यालाच समजावतात. मुलगी घाबरत असेल, झोप उडाली असेल किंवा चिंगू स्वतःला इजा करायला सांगत असेल, तर मात्र भेटायला या. एरवी ताट मांडा. वाढायची गरज नाही.