दर्या की दऱ्या

अरे झिला,

तुझा मेल दोनदा वाचला. वेंगुर्ल्यात कालपासून वीज नाही, लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत लिहितोय, तेव्हा गोड बोलणं राहू दे. परवा तुमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज. आरसी, म्हणजे रिलीजआधीची चाचणीची आवृत्ती, सगळीकडे नीट चालते, फक्त तुझ्या आईच्या जुन्या फोनवर शोध चुकतो. कारण सापडत नाही म्हणून तू गप्प. का रे? कारण शोधणं तुझ्या एकट्याच्या गळ्यात कुणी घातलं? टीमच्या यादीत चूक आधी नोंदव.

मी गप्प बसलो होतो, त्याची गोष्ट ऐक. मराठी मजकुराची एक छोटी मुक्त लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येतो असा तयार कोड) मी सांभाळायचो. फाइल जतन करताना अदृश्य अक्षरं काढायची, अशी 'साफसफाई' मी त्यात घातली. त्यात झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, तेही गेलं. 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझा कीबोर्ड पहिल्या प्रकारचा, म्हणून माझ्या चाचण्या सगळ्या हिरव्या. आदल्या रात्री एका मित्राच्या फाइलमध्ये 'दर्या' दिसला खरा. म्हटलं, फॉन्टची गडबड असेल. दुसऱ्या दिवशी चतुर्थीला गावी निघायचं होतं, कोकणकन्येचं तिकीट चक्क कन्फर्म झालेलं (ते कोण सोडतो?). टॅग मारला, म्हणजे आवृत्ती जाहीर केली, आणि निघालो.

गणपती पोचवून मेल उघडला तर एका निवृत्त मास्तरांचं पत्र. गावच्या आठवणी टाइप करत होते. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झालेला, लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य. दुरुस्ती एका ओळीची होती, ती केली. पण जतन झालेल्या फाइलींत कुठला 'दर्या' समुद्र आणि कुठला दरीवरून आलेला, हे कुठल्या प्रोग्रामला कळणार? मास्तरांनी सगळं पुन्हा डोळ्यांनी वाचून काढलं. मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

2024 च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. अर्धा सेकंद! तो मागे लागला आणि एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रामच्या 5.6.0 व 5.6.1 मध्ये पेरलेलं चोरदार उघडं पडलं. त्याने मूळही शोधलं, मान्य. पण सुरुवात 'हे काहीतरी विचित्र आहे' एवढ्यावरच झाली ना?

तेव्हा आधी नोंदव. आवृत्ती, फोन, कीबोर्ड, नेमका शब्द. त्या शब्दाचे युनिकोड क्रमांक छापून जोड, 0931 (ऱ) आहे की 0930 (र) ते दिसू दे. मागची आरसी बरोबर होती का? मग गिट बायसेक्ट (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत चूक शोधणारं साधन) लाव, हजार कमिट, म्हणजे बदल, असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. पण हे मागाहून. अर्धवट का असेना, आज रात्री नोंदव.

तुझे टीमवाले म्हणतील, 'फुडल्या खेपेक बघूया.' मी एका ओळीच्या तक्रारीवरही रिलीज थांबवतो, म्हणून मलाही आडमुठा म्हणतात. आहेच मी. तारीख पुढे गेल्याने कुणाचं लिहिलेलं बिघडलेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि आईचा फोन रीसेट करू नकोस, अपडेटही नको. सकाळच्या एसटीने मालवणात येतोय, तसाच बघायचाय.