चिपळूणहून घरून काम करतो, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं झाली. स्क्रम मास्टरचं (स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीत, टीमला मार्ग दाखवणारा) प्रमाणपत्र घ्यायचंय. सीएसएम करू की पीएसएम-१?

पीएसएम-१ करा. सीएसएमला आधी सशुल्क कोर्स सक्तीचा, शिवाय दर २ वर्षांनी नूतनीकरणाचा खर्च. पीएसएमला दोन्ही नाही. पण परीक्षा सोपी समजू नका: ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के. स्क्रमचे नियम सांगणारं स्क्रम गाइड फुकट मिळतं, जेमतेम तेरा-चौदा पानांचं. ओळ न् ओळ वाचा. मी गुहागरला पडवीत बसून महिनाभर तेच घोकलं. परीक्षा ऑनलाइन असते आणि नेट गेलं तरी घड्याळ थांबत नाही. पावसाळ्यात देणार असाल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवा. माझी लाइट बाराव्या प्रश्नालाच गेली होती, मोबाइलच्या हॉटस्पॉटने तारलं. पीएमआय-एसीपी या आणखी एका प्रमाणपत्राला अजाइल (स्क्रमसारख्या पद्धतींच्या) कामाचा अनुभव दाखवावा लागतो, ते नंतर बघा.