चौतीस वर्षं निभावलं, मग आताच काऊन?

नागपुरात धंतोलीत हृदयरुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. महाल भागातल्या एक ताई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या ताईंच्या धमन्या जन्मापासूनच अरुंद. डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे धमनी रुंद ठेवणारी बारीक जाळी, सुचवला होता. "मॅडम, चौतीस वर्षं निभावलं ना, मग आताच काऊन?"

मी विचारलं, गच्चीवर कपडे वाळत घालायला कशा जाता?

"बादली मधल्या पायरीवर ठेवते, जरा टेकते, मग वर." लग्नापासून हे असंच. सासरी आळशी म्हणायचे. त्यांना वाटायचं, सगळ्यांनाच इतका दम लागत असेल. वेगळं त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं. नवरा खाली बघत फाईलचा कोपरा दुमडत राहिला.

निभावलं ते हृदयाच्या उजव्या कप्प्यानं. अरुंद वाटेतून रक्त ढकलताना त्याच्यावर दाब वाढतो, भिंत जाड होते आणि एक दिवस तो थकतो. गोळ्यांनी धमनी रुंद होत नाही. कप्पा थकण्याआधीच वाट मोकळी केलेली बरी, म्हणून आता.

"दिरालाही स्प्रिंग टाकली, अटॅकनंतर." तो आजार वेगळा, तिथे चरबी साचलेली असते. इथे तेला-तुपाचा दोष नाही आणि आईनं गरोदरपणी काय खाल्लं त्याचाही नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयामार्गे धमनीपर्यंत नेतात आणि फुग्यानं जाळी फुलवतात. छाती उघडत नाहीत.

"वाकले की सरकेल?" नाही. जाळी भिंतीला घट्ट बसते, काही महिन्यांत तिच्यावर आतलं अस्तर चढतं. सरकण्याची भीती मुख्यतः बसवतानाच. धमनीला चीर पडू शकते, अचानक जास्त रक्त गेल्यानं फुप्फुसात पाणीही होऊ शकतं. म्हणून मी आग्रहानं सांगते, जन्मजात हृदयविकारांवर हात बसलेला डॉक्टर आणि हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेलंच ठिकाण निवडा. पुढे काही काळ रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि तपासण्या असतात. काही वर्षांनी जाळी पुन्हा फुगवावीही लागू शकते. हे आधीच सांगितलेलं बरं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी त्यांनाच लिहायला लावले. फाईलच्या मागे त्यांनी पहिला प्रश्न लिहिला, "भरलेली बादली किती दिवसांनी उचलू?" नवऱ्यानं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि त्याखाली ॲडमिट व्हायची तारीख विचारायची म्हणून लिहिलं.