साओ पाउलोत बस्तान बसवताना: कागदांचा क्रम, घर, वीज आणि स्वयंपाकघर

पुण्याहून साओ पाउलोला दोन वर्षांची बदली, सोबत पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा, घरात शाकाहार. निघण्याआधी काय उरकावं आणि सामानात काय भरावं, असं तुम्ही विचारलंय. सामानाचं नंतर बघू. या शहरात माणसं अडकतात ती कागदांच्या क्रमात. सीपीएफ या तिथल्या कर क्रमांकाशिवाय घराचा करार होत नाही, घराच्या पत्त्याशिवाय बँक नाही, आणि बँकेशिवाय पिक्स नाही. पिक्स म्हणजे तिथलं यूपीआय. नोव्हेंबर 2020 पासून सुरू आहे आणि भाजीवालाही त्यावरच पैसे घेतो.

सीपीएफ अकरा आकडी असतो. मुंबईतल्या ब्राझीलच्या वाणिज्य दूतावासामार्फत तो इथूनच काढता येतो. तिघांचाही काढा, मुलाचा राहू देऊ नका. फॉर्ममध्ये आईचं पूर्ण नाव लागतं आणि मराठी कुटुंबांची गोची नेमकी इथे होते. ब्राझीलमध्ये ओळख पटवायला जिकडेतिकडे आईचं नाव विचारतात. आपल्याकडे मात्र एकाच बाईचं नाव पासपोर्टवर नुसतं 'सुनंदा', जन्मदाखल्यावर 'सुनंदा मधुकर' आणि आणखी कुठे माहेरच्या आडनावाने असतं. तिथला कारकून ही एकच व्यक्ती आहे असं मानून चालत नाही. त्यामुळे पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जे छापलंय तेच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे असू द्या. दाखल्यात फरक असेल तर तो महाराष्ट्रात असतानाच दुरुस्त करा. तिथून हे काम फार जड जातं.

लग्नाचा दाखला आणि तिघांचेही जन्मदाखले अपॉस्टिल करून न्या: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. दाखले मराठी-इंग्रजी असे द्विभाषिक घ्या, कारण मराठीतून पोर्तुगीज करणारा अधिकृत अनुवादक मिळणं दुरापास्त. हा अनुवाद ब्राझीलमधल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावा लागतो. भारतात पैसे देऊन केलेला चालत नाही.

पोहोचल्यावर 90 दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करायची असते. अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात घ्या, शेवटच्या महिन्यात तारखा मिळत नाहीत. या नोंदणीचं ओळखपत्र (कार्ड) येईपर्यंत जो कागद देतात, 'प्रोतोकोलो', तो कायद्याने ग्राह्य आहे, पण सगळ्या बँका तो घेत नाहीत. एका बँकेने नाही म्हटलं तर वाद न घालता दुसरीकडे जावं.

घराची जाहिरात वाचताना भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. त्यावर कोंदोमिनियो, म्हणजे सोसायटीचा मासिक खर्च, आणि आयपीटीयू हा घरपट्टीसारखा कर चढतो. दोन्ही बहुधा भाडेकरूच भरतो. जुन्या, लिफ्ट-वॉचमन-स्विमिंग पूलवाल्या इमारतीत कोंदोमिनियो भाड्याच्या निम्म्यावर जाऊ शकतो. हमी म्हणून तिथे स्वतःची मालमत्ता असलेला जामीनदार मागतील. तो तुमच्याकडे नसणार, म्हणून हमी-विमा किंवा अनामत हेच मार्ग. 1991 च्या भाडेकरू कायद्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि एका करारावर एकाच प्रकारची हमी मागता येते. विमाही घ्या आणि अनामतही द्या म्हणाले तर सरळ नकार द्या.

करार साधारण 30 महिन्यांचा असतो. मुदतीआधी सोडलं तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात दंड. मात्र कंपनीनेच दुसऱ्या गावी बदली केली आणि मालकाला 30 दिवस आधी लेखी कळवलं, तर त्याच कायद्याने हा दंड माफ होतो. दोन वर्षांसाठी जाणाऱ्याला याइतकं उपयोगाचं कलम दुसरं नाही, म्हणून कंपनीकडून बदलीचं पत्र नीट मागून घ्या. ताबा घेताना 'विस्तोरिया' नावाचा पाहणी अहवाल सहीला येतो. भिंतीचा प्रत्येक ओरखडा आणि गळका नळ फोटोसह त्यात घालायला लावा, कारण घर सोडताना रंगकामाचे पैसे त्याच अहवालावरून कापले जातात. विनाफर्निचर घरात शेगडीही नसते, कधी कधी दिवेसुद्धा नसतात.

विला मारियाना, पाराइझो, साउदे, पिन्येइरोस हे भाग मेट्रोला धरून आहेत. ऑफिस बेरीनी या ऑफिसांच्या भागात असेल तर 9 क्रमांकाची एस्मेराल्दा लोकल लागेल. घर ठरवण्याआधी सकाळी आठला तो प्रवास एकदा प्रत्यक्ष करून बघा.

विजेचं नीट समजून घ्या. साओ पाउलो शहरात घरातले बहुतेक सॉकेट 127 व्होल्टचे, 60 हर्ट्झचे. पण काही 220 चे असतात आणि दोन्हींचा आकार अगदी सारखा. तिथलं 127 चं यंत्र 220 वर लावलं की क्षणात जळतं. आपला मिक्सर 127 वर लावला तर जळत नाही, नुसता घरघरतो. ओलं खोबरंही बारीक होत नाही. मिक्सर न्यायचाच असेल तर दोन फेज घेऊन ओट्याजवळ 220 चा एक सॉकेट करून घ्या. बहुतेक फ्लॅटमध्ये शॉवरसाठी दोन्ही फेज आलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला हे अवघड नाही. मालकाची लेखी परवानगी मात्र हवी. ट्रान्सफॉर्मरवर 750 वॉटचा मिक्सर चालवायचा तर किमान 1500 व्हीएचा घ्यावा लागतो, तो जड आणि महाग. इंडक्शन मोटरवाला वेट ग्राइंडर 60 हर्ट्झवर जास्त वेगाने फिरतो, तो घरीच ठेवा. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरला काही होत नाही.

गीझरची जागा तिथे इलेक्ट्रिक शॉवर घेतो: तोटीतच 5500 ते 7500 वॉटची कॉइल. पाणी जितकं कमी सोडाल तितकं गरम येतं. उन्हाळा-हिवाळ्याचं बटण पाणी चालू असताना फिरवायचं नाही. नव्या शॉवरमध्ये आधी पाणी भरून वाहू द्यायचं आणि मगच वीज चालू करायची, नाहीतर कोरडी कॉइल तुटते. हिरवी अर्थिंगची वायर जोडलेली आहे ना, हे राहायला जायच्या दिवशीच बघून घ्या. जून ते ऑगस्टमध्ये पारा दहाच्या आसपास उतरतो आणि घरात हीटर नसतात. दोन जाड पांघरुणं लागतील.

प्रेशर कुकर मात्र इथलाच न्या, दोन जास्तीच्या रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्हसह. तिथल्या कुकरची शिट्टी होत नाही, वाफ सतत फुसफुसत राहते, मिनिटं मोजावी लागतात. तूरडाळ सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, पण अख्खी तूर 'फेजांव ग्वांदू' नावाने मिळते. रात्रभर भिजवून, 25 मिनिटं शिजवून, घोटून गाळली की वरणाची चव बरीच जवळ येते. रोजच्यासाठी पिवळे सोललेले वाटाणे, 'एर्विल्या पार्चिदा', सोपे. चवळी म्हणजे 'फेजांव फ्राजिन्यो'. गूळ 'रापादुरा' नावाने ढेपेतच मिळतो. साबुदाणा 'सागू' नावाने विकतात, पण आधी मूठभर भिजवून पाहा: काही दाणे गार पाण्यात विरघळतात, त्यांची खीर होते, खिचडी नाही. बाजारात 'शेइरो-वेर्जी' म्हणून जी जुडी मिळते ती पार्सली आणि पातीच्या कांद्याची. कोथिंबीर हवी तर 'कोएन्त्रो' मागा. हे सगळं सुटं आणि स्वस्तात घ्यायचं ठिकाण म्हणजे ब्रास या भागातली सान्ता रोझा रस्त्याच्या आसपासची दुकानं, झोना सेरेआलिस्ता. हिंग, गोडा मसाला आणि कढीपत्त्याची पूड इथून न्या. साधं गव्हाचं पीठ म्हणून जे मिळतं तो मैदाच, आणि 'इंतेग्राल', म्हणजे अख्ख्या गव्हाच्या पिठात, कोंडा भरड असतो. चाळून घेतलं तर पोळी जमते.

बाहेर जेवताना 'मांस नको' एवढं बोलून भागत नाही. त्याचा अर्थ बीफ नको असा घेतात, मग कोंबडी किंवा हॅम येतं. कोंबडी, मासे, हॅम, बेकन एकेक करून नाकारा, आणि काळ्या घेवड्यात मांस घातलंय का हे दर वेळी विचारा. वजनावर जेवण देणाऱ्या 'पोर किलो' खानावळी सर्वांत सोयीच्या, समोर बघून वाढून घेता येतं.

मुलाची शाळा फेब्रुवारीत सुरू होते. 31 मार्चपर्यंत सहा पूर्ण झाले असतील तर पहिली, नाहीतर बालवर्ग. त्या हिशोबाने कोणत्या महिन्यात जायचं ते ठरवा.

फोन हिसकावणं हा शहराचा खरा त्रास आहे, विशेषतः सायकल आणि मोटरसायकलवरून. रस्त्याच्या कडेला उभं राहून टॅक्सी मागवू नका, दुकानात शिरून मागवा. पिक्सची मर्यादा लगेच कमी करता येते, वाढवायला मात्र किमान 24 तास लागतात. त्यामुळे ती कायम कमीच ठेवा. रात्री 8 ते सकाळी 6 या वेळात ती तशीही 1000 रियालची (रियाल हे तिथलं चलन) असते. मोठी बचत असलेलं खातं घरी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर ठेवा. नव्या, बँकेत न नोंदवलेल्या फोनवरून एका वेळी 200 रियालपर्यंतच पाठवता येतात, म्हणून तो दुसरा फोन आधीच नोंदवलेला असू द्या.

आणि सुट्टीवर येण्याबद्दल. ब्राझीलहून भारतात उतरणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. लस तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण टोचून घेण्याआधी 'दोझी पाद्रांव', म्हणजे पूर्ण डोस, असल्याची खात्री करा. अपुऱ्या डोसवर प्रमाणपत्र मिळत नाही. शक्यतो जाण्यापूर्वी इथल्याच अधिकृत केंद्रात तिघांनीही घ्या. ती एकदा घेतली की आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा, लगेज बॅगेत नको.