विशेष मुलांच्या शाळा महासाथीत इतर शाळांच्या आधी उघडायला हव्या होत्या की नंतर?

आपण विचारले आहे की, कोरोनाच्या काळात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळा इतर शाळांच्या आधी उघडायला हव्या होत्या की नंतर, आणि त्या वेळी पालकांकडून लिहून घेतलेल्या संमतीपत्राला नेमका काय अर्थ होता. मी एका तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत १९ वर्षे विशेष शिक्षिका आहे. माझे उत्तर ‘आधी’ असे आहे. मात्र एका ठरलेल्या तारखेला सगळी मुले आत घ्यावीत, असे मला म्हणायचे नाही. कोणते मूल केव्हा आणि किती वेळ येऊ शकते, हे एकेका मुलाकडे पाहून ठरायला हवे होते. जून २०२० मध्ये कोणी मला हेच विचारले असते, तर मी याच्या अगदी उलट सांगितले असते, हेही कबूल करते.

तेव्हाची माझी भीती निराधार नव्हती. माझ्या वर्गात आठ मुले होती. त्यांतील दोघांना डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात फरक) होता आणि त्यांपैकी एकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया लहानपणीच झालेली होती. एकीला फिट्स येत, एकाची लाळ सतत गळे. आमच्याकडे एकमेकांपासून सहा फूट अंतर ठेवणे अशक्यच असते, कारण मुलाच्या हातावर हात ठेवल्याशिवाय त्याला बटण लावायला शिकवता येत नाही, आणि घास भरवणे, शौचाला नेणे, कपडे बदलणे हा आमच्या कामाचा रोजचा भाग असतो. शिवाय ही मुले सकाळी भेटल्यावर नमस्कार करून थांबत नाहीत, थेट मिठी मारतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असल्याचे दाखवले आणि पुढच्याच महिन्यात इंग्लंडने अशा प्रौढांना अतिजोखमीच्या यादीत घातले, तेव्हा तर मला वाटले की आपले बरोबरच होते.

पण ती आकडेवारी प्रौढांची होती आणि एका विशिष्ट स्थितीची होती. ती वाचून मी आठही मुलांना एकाच टोपलीत टाकले, ही माझी चूक. लहान मुलांमध्ये आजार गंभीर होण्याचे प्रमाण मुळातच फार कमी होते, आणि ज्याला फक्त बौद्धिक अक्षमता आहे, जो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे किंवा ज्याला ऐकू येत नाही, त्याची फुप्फुसे काही त्यामुळे दुबळी होत नाहीत. ‘दिव्यांग’ या एका शब्दाखाली कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता येतात. त्यांतील काही मुलांना संसर्गाचा खरोखरच जास्त धोका होता, पुष्कळांना तो शेजारच्या घरातल्या मुलाइतकाच होता. माझ्या आठांपैकी डॉक्टरांनी स्पष्टपणे घरीच ठेवायला सांगितले असते अशी मुले दोन, फार तर तीन होती. बाकीची पाच त्यांच्यामुळे घरी बसली.

घरी बसणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. सर्वसाधारण शाळेतल्या मुलाचा अभ्यास मागे पडला, तर तो निदान मागे पडलेल्या जागी थांबून राहतो. आमच्या मुलांचे तसे होत नाही. हात धुण्यासारखी साधी गोष्ट आम्ही नळ उघडण्यापासून टॉवेल जागेवर ठेवण्यापर्यंत दहा-बारा पायऱ्यांत मोडतो आणि एकेक पायरी महिनोन्‌महिने घोटतो. सराव तुटला की त्या पायऱ्या एकामागून एक गळतात. माझ्या वर्गातला एक मुलगा तीन वर्षांच्या खटाटोपानंतर शौचाला जायचे आहे हे खुणेने सांगू लागला होता. टाळेबंदीनंतरच्या दिवाळीत त्याच्या घरी गेले, तेव्हा आई त्याला पुन्हा लंगोट बांधत होती. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) असलेल्या मुलांचे नुकसान तर डोळ्यांना दिसण्यासारखे होते. वाढत्या वयात हाडे लांब होतात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने ताणले गेले नाहीत, तर सांधा आखडतो. अशा मुलांना रोज व्यायाम द्यावा लागतो आणि कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) दर काही महिन्यांनी मापाचा करावा लागतो. फिजिओथेरपी शाळेतच होत असलेल्या मुलांची ती शाळेबरोबरच बंद झाली. स्वमग्न मुलांच्या घरून येणारे फोन वेगळेच असत. रोज सकाळी नऊ वाजता दारात येणारी गाडी येईनाशी झाली आणि ती का येत नाही हे त्यांना कोणी समजावू शकले नाही. मग कोणी स्वतःच्या मनगटाला चावू लागला, कोणी भिंतीवर डोके आपटू लागला. वयात येणाऱ्या दोन मुलींना मासिक पाळीतली स्वच्छता शिकवण्याचे काम आम्ही नुकतेच हाती घेतले होते. ते जे राहिले, ते दोन वर्षांनी नव्याने आणि अधिक अवघडपणे सुरू करावे लागले.

आणि आई. विशेष शाळेचे पाच तास ही त्या मुलाची शाळा असते, तशीच त्याच्या आईची दिवसातली एकमेव सुटका असते. तेवढ्या वेळात ती शेतावर जाते, शिवणकाम करते, कधी नुसती झोपते. शाळा बंद झाल्यावर शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट आणि काळजीवाहक या तिघींचे काम तिच्या एकटीच्या अंगावर पडले, आणि ते घरात बाकीचे सगळेही दिवसभर असताना.

ऑनलाइन वर्गाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर छोटे व्हिडिओ पाठवले, व्हिडिओ कॉलवर गाणी म्हटली. ज्या घरात स्मार्टफोन एकच होता आणि तो वडील कामावर नेत, तिथे ते रात्री नऊनंतर पोहोचत. काही आया विलक्षण चिकाटीने शिकल्या आणि त्यांनी मुलांकडून आमच्यापेक्षा चांगले काम करून घेतले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण स्पर्शातून शिकणाऱ्या मुलाला पडदा काही देऊ शकत नाही.

आता उघडण्याच्या क्रमाकडे येते. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करायला परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत सगळे पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे मिटल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू झाल्या. हे सगळे आदेश इयत्तांच्या आकड्यांत लिहिलेले होते. आमच्या शाळेत इयत्ता नसतात. पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक आणि पूर्वव्यावसायिक असे गट असतात, आणि ते वयाबरोबरच मुलाला काय काय जमते यावरून ठरतात. सोळा वर्षांचा मुलगा प्राथमिक गटात असेल, तर तो ‘नववीच्या वरचा’ की ‘चौथीच्या खालचा’? त्यातच आपल्याकडे विशेष शाळा शालेय शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नव्हत्या, त्या सामाजिक न्याय खात्याकडे होत्या. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला. त्यामुळे पलीकडच्या रस्त्यावरच्या हायस्कुलाची घंटा वाजू लागली, तरी आमच्या फाटकाला कुलूपच असे. आम्हाला वेगळा कागद लागत होता. हे कोणी दुष्टपणाने केले, असे मला वाटत नाही. आदेश लिहिताना ही मुले कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमाने ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. विशेष शाळा निवडणाऱ्याची शाळाच सर्वांत शेवटी उघडणार असेल, तर त्या पसंतीची त्याला किंमत मोजावी लागली असे म्हणावे लागते.

शाळा बंद ठेवून मुले संसर्गापासून वाचली, हे तरी खरे होते का? जून-जुलै २०२१ मध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय सिरो पाहणीत ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. तोवर बहुतेक मुले वर्षभराहून अधिक काळ वर्गाबाहेर होती. विषाणू घरातल्या मोठ्या माणसांबरोबर आत आला होता. हा आकडा वाचल्यावर माझे मत पुरते बदलले.

उघडायचे कसे, यावर तेव्हा बहुतेक चर्चा मास्कभोवती फिरली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते की, विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांना कोणत्याही वयात मास्कची सक्ती करू नये, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करावा. आमचा अनुभवही तोच आहे. ज्याला शर्टाच्या कॉलरची शिवण सहन होत नाही, तो कानामागची दोरी सहन करत नाही. ज्याची लाळ गळते, त्याचा मास्क दहा मिनिटांत ओला होतो. आणि ज्याला स्वतःचा मास्क काढता येत नाही, त्याला तो घालणे धोक्याचेच असते. कर्णबधिर शाळेतल्या माझ्या मैत्रिणीची अडचण आणखी निराळी होती. तिची मुले ओठ आणि चेहरा वाचतात, त्यामुळे शिक्षिकेने मास्क लावला की तिचे अर्धे बोलणे पुसले जाई. तिने समोर पारदर्शक प्लास्टिक लावलेले मास्क शिवून घेतले. वाफ धरायची, पण काम भागे.

माझ्या मते खरी किल्ली मुलांच्या तोंडावर नव्हती, मोठ्यांच्या दंडावर होती. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले आणि फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार वगैरेंचा क्रम लागला. दिवसभर मुलांची तोंडे पुसणारी, त्यांचे कपडे बदलणारी आमची काळजीवाहक बाई त्या यादीत नव्हती. तिचे वय ४५ च्या आत होते, म्हणून तिची पाळी १ मे २०२१ नंतर आली, आणि तेव्हाही लस लगेच मिळाली असे नाही. मुलांची लस तर १५ वर्षांवरील मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ वर्षांवरील मुलांना मार्चमध्ये मिळू लागली. विशेष शाळेतले शिक्षक, काळजीवाहक, गाडीचा चालक आणि मुलांचे आईवडील एवढ्यांना आधी लस दिली असती, तर मुलाभोवती कडे उभे राहिले असते. एका शाळेची अशी माणसे मोजली तर दोनशेही भरत नाहीत.

दुसरी किल्ली गाडी. शाळेत खिडक्या उघडता येतात, वर्ग व्हरांड्यात नेता येतो, आम्ही पाऊस नसेल तेव्हा चिंचेखालीच बसत होतो. पण बारा मुले तासभर बसून येतात ती गाडी सगळ्या योजनेचे बारा वाजवते. आम्ही अखेर मुलांचे तीन गट केले. प्रत्येक गट आठवड्यातून दोनच दिवस, दोन तास येई. गाडीत चारच मुले आणि काचा खाली. दोन तासांत डबा नाही, कारण जेवताना सर्वांत जास्त हाताळणी होते. जी मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी होती, त्यांच्याकडे आम्ही आळीपाळीने जात होतो. आठवड्याचे चार तास म्हणजे फार नव्हेत, पण लंगोटाला परतलेला तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खूण करू लागला. असे चार तास आम्हाला वर्षभर आधी देता आले असते.

इंग्लंडचे उदाहरण पुष्कळ जण देतात. तिथे मार्च २०२० च्या पहिल्या टाळेबंदीतही ज्या मुलांचा अधिकृत शिक्षण व आरोग्य आराखडा होता, त्यांना शाळेत येण्याची मुभा राहिली आणि जानेवारी २०२१ मध्येही विशेष शाळा चालू ठेवल्या गेल्या. तरी धास्तीने पुष्कळ मुले घरीच राहिली, आणि मे ते जुलै २०२० या काळात आराखड्यातल्या सेवा देण्याचे बंधनही सैल केले गेले होते. तेव्हा दार उघडे ठेवले की काम झाले, असे तिथेही नव्हते. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे निर्णयाचे एकक मूल होते.

निवासी शाळांना यातले फारसे काही लागू करता येणार नाही. तिथे वीस-तीस मुले एका खोलीत झोपतात. त्या सावकाश उघडल्या, हे ठीकच झाले.

राहिला प्रश्न संमतीपत्राचा. आम्हाला मिळालेल्या मसुद्यात एक ओळ होती की, पाल्याला संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. एका आईने तो कागद वाचून विचारले, “बाई, म्हणजे हा आजारी पडला तर तुम्ही बघायला येणार नाही का?” मला उत्तर देता आले नाही. कायद्याच्या दृष्टीने अशा ओळीने शाळेची काळजी घेण्याची जबाबदारी संपते, असे मला वाटत नाही. आणि ज्या आईला मुलाला शाळेत पाठवण्यावाचून गत्यंतर नाही, तिच्या सहीला संमती म्हणणेही अवघडच. आम्ही ती ओळ तशीच ठेवली, कारण ती काढण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. पण मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक मुलासाठी हाताने लिहून काढले की, याची औषधे कोणती आणि किती वाजता, फिट आली तर काय करायचे, ताप आला तर शाळा कोणाला फोन करेल आणि घरचे कोणाला करतील, रुग्णालयात ठेवावे लागले तर त्याच्याजवळ कोण राहील, आणि याला बोलता येत नसेल तर दुखते आहे हे तो कसे सांगतो. त्याखाली पालकांची सही, आणि शेजारी माझी.