लॅब्रेडॉरच्या लघवीतून रक्त: गोळी सुरू करण्याआधी

ताई, घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधली तुमची पाच वर्षांची लॅब्रेडॉर कालपासून सारखी दाराशी जातेय, खाली नेलं की जागोजागी बसून थेंबथेंब शू करतेय आणि शेवटी गुलाबी थेंब पडतोय. घरात मागची उरलेली अँटिबायोटिक आहे, ती देऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून देऊ नका.

आधी आत्ताचं बघा. ती कुंथतेय आणि एक थेंबही येत नाही, पोट घट्ट लागतंय, उलट्या होतायत, असं काही असेल तर उद्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. लघवी तुंबणं जिवावर बेततं. नरांची मूत्रनलिका अरुंद, म्हणून त्यांच्यात हे जास्त दिसतं, पण मादीला होतच नाही असं नाही.

थेंबथेंब का होईना, येत असेल तर आज लघवीचा नमुना द्या. सकाळची पहिली शू, थोडी जाऊ द्यायची आणि मग मागून स्वच्छ धुतलेला डाव पुढे करायचा. केमिस्टकडच्या डबीत भरून तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. मात्र कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडेल ते बघायच्या तपासणीसाठी, हा नमुना तितकासा भरवशाचा नाही. त्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीत बघून सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण बहुतेक कुत्री शांत उभी राहतात. अँटिबायोटिकचे दोन डोस आधीच पोटात गेले असतील तर कल्चरमध्ये बऱ्याचदा जंतू उगवत नाहीत, आणि मग कुठलं औषध लागू पडेल हे कळायचा रस्ता बंद होतो.

सोनोग्राफी किंवा एक्स-रेचा आग्रह धरा, कारण मूतखडा असला तरी लक्षणं हीच असतात. मादीत बऱ्याचदा स्ट्रुव्हाइटचा खडा सापडतो, आणि तो बहुधा जंतुसंसर्गामुळेच तयार होतो. योग्य अँटिबायोटिक आणि डॉक्टरांनी दिलेलं खास खाणं यांवर तो काही आठवड्यांत विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणजे खडा कोणता हे कळलं तर कदाचित तिचं ऑपरेशन टळेल. उरलेल्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटेल आणि खडा आत वाढत राहील. जवळपास सोय नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलबद्दल डॉक्टरांना विचारा, पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे.

दुखतंय म्हणून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नका. कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या बार्लीच्या पाण्याने अपाय नाही, पण त्याने संसर्ग जात नाही. त्यापेक्षा जेवणात साधं पाणी घाला आणि ती किती पिते ते मोजा. २५ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण सव्वा ते दीड लिटर लागतं. अडीच लिटरच्या वर जात असेल तर मधुमेह, किडनी, कुशिंग (हॉर्मोनचा एक आजार) यांच्या तपासण्याही करून घ्या.

तुम्ही सकाळी आठला निघता आणि रात्री आठला येता, हे वाचून मला तिचीच काळजी वाटली. शिकवलेलं कुत्रं घर घाण करत नाही, बारा तास धरून ठेवतं. लघवीबरोबर जंतू धुऊन जातात, ती अडली की ते आत वाढतात. दुपारी कुणीतरी तिला खाली नेईल अशी सोय कराच. या दिवसांत घरात शू झाली तर रागावू नका, तिच्या हातात नाही ते.

येऊरला फिरायला नेता म्हणून एक विचारते, अंगावर गोचीड सापडलीय का? लघवी गुलाबी नसून कॉफीसारखी असेल, हिरड्या पांढुरक्या असतील, ताप असेल, तर तो गोचीड ताप असू शकतो. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करा. पावसाळ्यात लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग) शंका घ्यावी लागते. वर्षाची लस चुकली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिची शू हातमोजे घालूनच पुसा, कारण लेप्टो माणसालाही होतो.

रिपोर्ट आले की आकडे इथे टाका.