बोत्स्वानाच्या राजधानीत रोजचं आयुष्य कसं असतं? किराणा, शेजारपाजार, सुरक्षितता?

तुमच्या मिस्टरांना तिथे नोकरी मिळतेय, मुलगा लहान आहे, आणि प्रश्नाच्या शेपटाला तुम्ही जोडलंय, "तिथले लोक फार मंद आणि उद्धट असतात म्हणे, खरं का?" हे शेपूट नसतं तर मी लिहायला बसलेच नसते. २०१२ ते २०१९ आम्ही तिथे राहिलो.

आधी नाव नीट घ्या. खाबोरोने. आपण नकाशावर 'गॅबोरोन' वाचतो, त्यातला 'ग' ते लोक घशातून 'ख' म्हणतात.

आता उद्धटपणा. माझे मोठे दीर दोन आठवड्यांसाठी आले होते. मोबाइलच्या दुकानात गेले आणि पन्नास पुलाची नोट थेट काउंटरवरच्या बाईपुढे धरली, "रिचार्ज." तिने नोटेकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "दुमेला र्रा." (म्हणजे नमस्कार साहेब; बाईला 'म्मा' म्हणतात.) भाऊजींनी नोट आणखी पुढे सरकवली, तीही डाव्या हाताने. ती पुन्हा, जरा मोठ्यांदा, "दुमेला र्रा." शेवटी मी मागून म्हटलं, "दुमेला म्मा, ओ काए?" ती हसली, "के तेंग." शब्दशः अर्थ काय, तर "कुठे आहेस?" "इथेच आहे." अर्ध्या मिनिटात रिचार्ज झाला. नमस्कार न करता बोलायला लागणारा माणूस तिथे उद्धट ठरतो, मग तो गिऱ्हाईक असो नाहीतर साहेब. देताघेताना उजवा हात पुढे आणि डाव्याची बोटं उजव्या कोपराला. आपल्याकडे कुणी डाव्या हाताने प्रसाद घेतला तर भाऊजीच डोळे वटारतात. पण हा किस्सा ते आजही प्रत्येक कार्यात "तिकडच्या माजोरड्या बायका" म्हणून सांगतात.

त्याच मुक्कामात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची आई वारली. मोचुडीला, आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे मयत एका दिवसात उरकत नाहीत. दफन होईपर्यंत रोज संध्याकाळी घरच्या अंगणात प्रार्थना, शुक्रवारी शव घरी आणायचं, रात्रभर जागरण, आणि शनिवारी उजाडता उजाडता दफन. मी जाते म्हटल्यावर भाऊजी म्हणाले, "मोलकरणीच्या आईसाठी पहाटे तीनला कोण उठतं?" नवरा गप्प. (तो अजूनही या विषयावर गप्पच असतो.)

मी शुक्रवारी संध्याकाळीच गेले. सलवार-कमीज घालून, कारण त्यातल्या त्यात तेच सोज्वळ वाटलं. फाटकाशी एक म्हातारी उठली, काही न बोलता स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि गाठ मारली. बाईने मयताला पायजम्यात यायचं नसतं, डोकं आणि खांदे उघडे ठेवायचे नसतात. ओढणी डोक्यावर घेतली, आणि मग कुणीतरी हातात सुरी दिली. दहा-बारा बायका कोबी चिरत होत्या. मीही बसले. बाहेर पुरुष तीन पायांच्या लोखंडी हंड्यांत सेस्वा शिजवत होते. बैलाचं मांस, फक्त मीठ-पाणी, तासन् तास उकळून मग कुटायचं. मी शाकाहारी, त्या वासाने पोटात ढवळत होतं हे खोटं कशाला बोलू. पहाटे कब्रस्तानात माणसं आळीपाळीने फावडं हातात घेऊन माती लोटत होती. एक दमला की दुसरा पुढे, कुणी कुणाला सांगत नव्हतं. परत आल्यावर फाटकाशी हात धुवायचे, मग जेवण. मला मक्याच्या कण्या आणि कोबी वाढला. मीच चिरलेला असणार, तुकडे जाड होते.

सोमवारी बाई कामावर आल्या. तोवर मला "मॅडम" म्हणायच्या, त्या दिवसापासून "म्मा-ओम". तिथे आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्या "बंड्याच्या आई"सारखी.

आणि आपल्याशी जुळणारं बरंच आहे तिथे. कुळाचं प्राणी-चिन्ह असतं, क्वेना लोकांची मगर, खातला लोकांचं माकड. देवकासारखंच म्हणा. ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवून 'टिंग' करतात. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, "अगं, ही तर आंबील." त्या पिठाची भाकरी मात्र मला कधी साधली नाही, थापताना तुटायची.

पुला म्हणजे पाऊस, आणि चलनही पुलाच. भाषण संपलं की लोक "पुला!" ओरडतात. २०१५ साली धरण आटलं, नळ दिवसच्या दिवस कोरडे, घरात पिंपं भरून ठेवलेली, तेव्हा ही ओरड नुसती रीत वाटेनाशी झाली.

सगळं गोड आहे असं समजू नका. सरकारी कामं खरंच रेंगाळतात, परवान्याच्या कागदांच्या चार-चार प्रती ठेवा. घरफोड्या होतात. आमच्या कुंपणावर विजेची तार होती आणि रात्री पायी फिरायची आमची टाप नव्हती. ऑक्टोबरात भाजून निघाल, जूनच्या रात्री रजई लागेल. मला जो मान मिळाला तोच झिम्बाब्वेहून आलेल्या मजुराला मिळतो असंही मी म्हणणार नाही. आणि आपली मंडळी कामवाल्यांशी ज्या आवाजात बोलतात, तो आवाज सोडून गेलात तर बरं. भाऊजी, वाचत असाल तर हे तुम्हालाच आहे.

किराण्याचं राहिलं. तूरडाळ, पोहे, हिंग भारतीय दुकानांत मिळतं, महाग. काळा मसाला आणि भाकरीचं पीठ इथूनच न्या. मुलाचं नाव काय? तिथे तुम्हाला त्याच नावाने हाक मारतील.